सबाच्या लाइनीतली गळती

नळाला दोन दिवस पाणी आलं नाही तर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीतला माणूस शेजाऱ्याकडून बादलीभर पाणी मागतो आणि गप्प बसतो. नेट दोन मिनिटं गेलं तर तोच माणूस मला फोन करतो, आणि मी उचलेपर्यंत त्याचा आवाज चढलेला असतो. आधी टेलिफोनच्या आणि नंतर एका खासगी कंपनीच्या फायबर लाइनीच्या खांबांवर माझी सगळी हयात गेली. संपादकांनी ‘नोकरीतले गमतीदार अनुभव’ लिहून मागितले आहेत. गमती झाल्या, नाही असं नाही. पण त्या गमती आहेत हे मला घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा पोटात गेल्यावर कळायचं. खांबावर असताना नुसता संताप यायचा.

एका शेतकऱ्याचं उदाहरण सांगतो. कापूस, तूर, सोयाबीन सगळं व्यवस्थित असलेलं घर. नेट सारखं जातं म्हणून तक्रार. जाऊन पाहतो तर मी सैल वेटोळं करून ठेवलेली जादाची वायर त्यांनी चापून घडी घातली होती आणि वर सुतळीनं गच्च आवळून टाकली होती, तुरीच्या पेंढीसारखी.

“लोंबून राह्यली होती न,” ते म्हणाले. “पाहुणे येते घरी. बरं नाही दिसत.”

मी त्यांना सांगितलं की या वायरीच्या आत तांबं नाही, केसासारखी बारीक काच आहे, आणि त्या काचेतून उजेड जातो. घडी घातली की उजेड कोपऱ्यावर बाहेर सांडतो. त्यांनी सगळं नीट ऐकलं, मान हलवली, मला शेंगा खाऊ घातल्या. आठवड्यानं पुन्हा तक्रार. या वेळी घडी तीच, फक्त सुतळीच्या जागी पोरीच्या वेणीची लाल रिबीन होती. “सुतळीनं काच तुटते म्हणाले होते न तुम्ही,” ते म्हणाले.

दुसऱ्या एक बाई. नातवंडं फार पाहतात म्हणून त्यांनी वायफायची डबी लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. मग स्वतःच्या मालिकेला बैठकीत रेंज येईना. मी म्हटलं, “काकू, कपाट उघडा, लगेच येईल.” त्या म्हणाल्या, “कपाट उघडाचं असतं तर तुले कायले बलावलं असतं?” मी त्या दिवशी कपाटाच्या दारात उभा राहून कंपनीच्या कागदावर ‘लाइन ठीक’ लिहिलं आणि घरी गेलो.

हे दोष निदान दिसतात तरी. माझा जीव ज्यानं खाल्ला तो दोष दिसत नव्हता. त्याचं नाव पॅकेट लॉस. आम्ही लाइनवाले आपसात गळती म्हणतो.

गळती म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. नेटवरून जे येतं-जातं ते अखंड जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, आणि ते एकामागे एक पळतात. त्या तुकड्याला म्हणायचं पॅकेट. वाटेत काही पॅकेटं हरवली तर ती गळती. सिनेमा पाहताना पॅकेट हरवलं तर मशीन ते पुन्हा मागवून घेतं. पुढचा थोडा साठा आधीच आणून ठेवलेला असतो, म्हणून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. गेममध्ये तशी सवड नाही. समोरचा गडी कुठं उभा आहे हे सांगणारं पॅकेट हरवलं, तर ते दुसऱ्यांदा येईपर्यंत तो गडी तिथून निघून गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला गोळी घालून गेलेला असतो. त्यामुळं एकाच लाइनीवरचा सिनेमावाला म्हणतो नेट मस्त आहे, आणि गेमवाला डोकं आपटून घेतो. स्पीड मोजला तर दोघांचाही झकास. आमच्या यवतमाळच्या ऑफिसात बसणाऱ्या साहेबांना स्पीडच तेवढा दिसतो. ते म्हणतात, लाइन चांगली आहे, ग्राहक वाईट आहे.

सबाची तक्रार अशीच ‘वाईट ग्राहक’ म्हणून माझ्याकडं आली.

आली म्हणजे तिचे वडील घेऊन आले. युनूसभाई. चंद्रपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं ट्रकच्या कमानपाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचं, दुकान आहे, आणि दुकानामागंच घर. कोळशाचे ट्रक भरून निघाले की कमानपाटे मोडतात, त्यामुळं त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी त्या दिवशी काळ्या हातांनी आमच्या ऑफिसात येऊन उभे राहिले.

“वामनभाऊ, तुमच्या कंपनीचं चाललं काय आहे? मी पोरीच्या मोबाइलवरून तक्रार टाकतो, तुम्ही बंद करता. मी टाकतो, तुम्ही बंद करता. कुनी आलं नाही, कुनी पाह्यलं नाही, बंद कशी होते?”

मी कॉम्प्युटरवर पाहिलं. खरंच, तक्रारीमागून तक्रार, आणि प्रत्येकीखाली एकच शेरा: ग्राहकाने फोन उचलला, बोलले नाहीत, तक्रार बंद.

“फोन उचलून बोलत काहून नाही तुम्ही?”

“फोन पोरीचा हाय. कनेक्शन तिच्याच नावावर हाय,” युनूसभाई म्हणाले. “आणि पोरीले ऐकू येत नाही. जन्मापासून. बोलता बी येत नाही. तिनं फोन उचलून काय करावं?”

मी म्हटलं, चला.

सबा तेव्हा विशीतली होती. यवतमाळला कर्णबधिरांच्या वसतिशाळेत शिकून घरी परत आलेली. मराठीतून शिकली, म्हणून माझ्याशी मोबाइलवर मराठीतच लिहून बोलायची. आईशी, म्हणजे रजियाभाभींशी, हातानं. रस्त्याकडच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर होता, युनूसभाईंनी कुठूनतरी जुना आणून दिलेला; त्यावर ती गेम खेळायची. मी सवयीनं म्हटलं, “वायफायमुळं होत असेल.” आम्ही पहिल्यांदा सगळ्यांना हेच म्हणतो. तिनं माझे ओठ पाहिले, मग कॉम्प्युटरमागं बोट दाखवलं. वायर लावलेली होती. मग तिनं मला पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून दाखवली. तिनं स्वतःच तपासणी लावून ठेवली होती.

ही तपासणी साधी असते. आपल्या मशीननं एक छोटं पॅकेट पाठवायचं, “आहेस का?” समोरच्यानं उत्तर द्यायचं, “आहे.” असं सारखं चालू ठेवायचं. आधी घरातल्या डबीला विचारायचं, मग आमच्या वणीच्या ऑफिसातल्या मशीनला, मग त्याच्याही पलीकडं. ज्या टप्प्यापासून उत्तरं गहाळ व्हायला लागतात, त्याच्या अलीकडं दोष. सबानं तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावल्या होत्या. घरातली डबी एकही उत्तर चुकवत नव्हती. ऑफिसातलं मशीन मधेच तीन-चार उत्तरं गिळत होतं. म्हणजे घर निर्दोष. माझं अर्धं काम तिनं करून ठेवलं होतं. ते पाहून बरं वाटण्याऐवजी मी अजूनच चिडलो, कारण घरातला दोष असता तर मी तासाभरात सुटलो असतो.

त्या सकाळी मी मीटर लावला. उजेड भरपूर. त्या काळ्या खिडकीसमोर बसून राहिलो, एकही पॅकेट हरवलं नाही. हे नेहमीचंच. माणूस दवाखान्यात गेला की ताप उतरतो तसं लाइनवाला आला की लाइन शहाण्यासारखी वागते. तरी मी डबी बदलली, आतली छोटी वायर बदलली, टोकं पुसली आणि निघालो. दुपारी मेसेज आला: “पुन्हा गेलं. खूप वेळा.”

दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हाही सकाळचाच. सगळं ठीक. दुपारी मेसेज: “पुन्हा.”

सबाच्या घरासमोरच्या खांबावरच्या पेटीतून लाइनी घरोघर फुटतात; शेजारच्या ठाकरेकाकूंचीही त्याच पेटीतून. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या थोडं आधी मी त्यांच्याकडं जाऊन विचारलं. “आमचं मस्त चालते बापा,” त्या म्हणाल्या, “मालिका एकदाबी थांबत नाही.” मी त्यांच्या टीव्हीची वायर काढून माझा लॅपटॉप लावून बसलो, काकू माझ्या डोक्यावर उभ्या. अर्ध्या तासानं, जेवणाच्या वेळेला, उत्तरं गिळायला सुरुवात झाली. जशी सबाकडं होत होती तशीच. म्हणजे दोघींच्याही घराबाहेर, खांबावरच्या पेटीत किंवा तिथून ऑफिसपर्यंत कुठंतरी गडबड होती.

“झालं का तुमचं?” काकू म्हणाल्या. “माझी मालिका लागते आता.”

“काकू, तुमच्याबी लाइनीत गळती आहे.”

“मले नाही दिसत. राहू दे.”

मी यवतमाळला धोटेसाहेबांना फोन केला. धोटेसाहेब म्हणजे आमचे वरिष्ठ. माणूस वाईट नाही, पण त्यांच्यासमोर एक पडदा आहे आणि त्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे असतात.

“वामनराव, त्या पेटीवरच्या सगळ्या ग्राहकांचा स्पीड बरोबर आहे.”

“साहेब, स्पीडचा प्रश्न नाही. गळती आहे.”

“कोणाची तक्रार आहे?”

“सबाची.”

“ती तर बंद झाली आहे. ग्राहक बोलत नाही.”

मी फोन ठेवला. तिथं युनूसभाईंच्या दुकानासमोर बाजेवर बसून मी मनातल्या मनात काय काय म्हणालो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. युनूसभाई ट्रकखालून सरकत बाहेर आले.

“खरं सांगू का,” मी म्हणालो, “एका गेमसाठी एवढं डोकं लावलं आहे मी. दुसऱ्या गिऱ्हाइकानं कधीच नाद सोडला असता.”

ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, “गेम नका म्हनू भाऊ. तिच्या शाळेतल्या पोरी कुठंकुठं गेल्या. कोनी लातूरले, कोनी हैदराबादले. आता ह्या गेममधी त्यांची टीम हाय, पाचजनी. सगळ्या तिच्यावानी. तिथं कोनाले बोलाची गरजच नाही, नकाशावर खुना करते, लिहून सांगते. इथं ह्या गल्लीत तिच्यासंग बोलाले कोन हाय? मी आन् तिची माय. रविवारी त्यांचा सामना हाय, जिंकले तर पुढं जाते. आन् ही मधातच पुतळ्यावानी उभी राहते म्हनून बाकीच्या म्हनून राह्यल्या, सबा, तू बाहेर बस.”

मग मी दुपारभर तिथून हललो नाही.

जेवण तिथंच झालं. रजियाभाभींनी डाळ-भात वाढला. मग मी सबाच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. ती खेळत होती, मी काळी खिडकी पाहत होतो. बराच वेळ काही नाही. मग एकदम चार उत्तरं गेली. तिच्या पडद्यावरची सगळी माणसं जागच्या जागी थिजली, आणि हलली तेव्हा तिचा गडी मेलेला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि तशीच बसली. मला वाटलं, राग आवरते आहे. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा तळवे टेबलावर. या वेळी तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, टेबलाकडं बोट केलं आणि खूण केली: हात ठेवा.

मी हात ठेवला. टेबल थरथरत होतं. अगदी बारीक, पण थरथरत होतं, आणि हळूहळू थांबलं. तिनं मोबाइलवर लिहिलं: “टेबल हलतं तेव्हाच जातं. दर वेळी नाही. पण जातं तेव्हा टेबल हललेलं असतं.”

आता वाचणाऱ्याला वाटेल, ट्रक. मलाही कळायला पाहिजे होतं. पण आम्ही वणीचे लोक. ट्रकचा आवाज आम्हाला ऐकू येत नाही, इतका तो रोज ऐकतो. मी तासभर त्या खोलीत बसलो होतो, खिडकीतून दहा पावलांवर भरलेले ट्रक चालले होते, आणि मला एकाचीही आठवण नव्हती. सबाला त्यांचा आवाज कधीच आला नव्हता. तिला ते पायांतून आणि तळहातांतून कळत होते, प्रत्येक ट्रक वेगळा.

मी बाहेर पळालो. रस्त्यावर उभा राहिलो. आमची पेटी ज्या खांबावर होती, त्याच्या बुडाशीच नवा ब्रेकर घातलेला होता.

“हा कधी झाला?” मी विचारलं.

“महिना झाला असंल,” युनूसभाई म्हणाले. “लेकरं शाळेत जाते म्हनून घातला. काहून?”

“सबाचं नेट कधीपासून जाते?”

“तेबी महिनाच झाला,” म्हणत युनूसभाई ब्रेकरकडं वळले.

रिकामा ट्रक आला, ब्रेकरवरून उड्या मारत गेला, खांबाला काही नाही. भरलेला आला, मागचं चाक ब्रेकरवरून धप्पकन उतरलं, आणि खांबाचं डोकं पिकलेल्या कणसासारखं डोललं. सकाळी भरलेले ट्रक कमी, दुपारी रांगच रांग. मी दोन्ही दिवस सकाळीच आलो होतो. महिनाभर ही पोर तक्रारी टाकत होती, मला मेसेज यायचे तेही दुपारचे, आणि मी लाइन ठीक म्हणून परत जात होतो.

शिडी लावून वर चढलो, पेटी उघडली. आत येणारी मुख्य काच कुणीतरी कधीतरी घाईत जोडताना ओढून ताणून बसवली होती, आणि ती एका खिळ्याच्या डोक्यावरून टोकदार वळण घेऊन गेली होती. खांब स्थिर असला की उजेड कसाबसा निघून जायचा. खांब डोलला की ती काच खिळ्यावर दाबली जायची आणि पापणी मिटावी तेवढ्या वेळात उजेड सांडायचा. तेवढ्यात गेली चार-सहा पॅकेटं. ठाकरेकाकूंच्या मालिकेनं ती परत मागवून घेतली. सबाच्या टीमला ती परत मिळाली नाहीत.

दोष सापडला म्हणजे काम झालं असं बाहेरच्याला वाटतं. आमच्या धंद्यात खरी कटकट तिथून सुरू होते. ती काच तोडून, नवी ढिली काच घेऊन पुन्हा जोडायला हवी होती. त्याला जोडायचं मशीन लागतं, ते पुसदला गेलेलं होतं. आणि जोडताना त्या पेटीवरची सगळी घरं बंद ठेवावी लागतात, त्याला धोटेसाहेबांची परवानगी लागते, आणि परवानगीला उघडी तक्रार लागते.

मोबाइलवरून टाकलेली तक्रार पुन्हा बंदच झाली असती, म्हणून युनूसभाईंनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून.

“सर, आपण कनेक्शनधारक बोलताय का?”

“नाही, तिचा बाप बोलतो.”

“मॅडमना फोन द्या सर.”

“ती बोलू शकत नाही.”

“मॅडम नंतर बोलू शकतील का?”

“अरे मायबाई, ती कधीच बोलू शकत नाही!”

“सर, मॅडम बोलायला तयार नसतील तर तक्रार घेता येणार नाही. आणखी काही मदत करू का?”

युनूसभाईंनी फोन बाजेवर आपटला. मी घेतला, मी कंपनीचाच माणूस आहे म्हणून सांगितलं. मदतकेंद्रातली मुलगी म्हणाली, कर्मचाऱ्यांना ग्राहकाच्या वतीनं तक्रार करता येत नाही. तिचाही दोष नव्हता. तिच्यापुढं जे लिहिलेलं होतं ते ती वाचत होती. पण त्या क्षणी मला तिचा, कंपनीचा, त्या खिळ्याचा आणि ज्यानं काच खिळ्यावरून ओढली त्या अज्ञात माणसाचा असा काही राग आला की माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या घटकेला मीसुद्धा न बोलणारा ग्राहकच झालो होतो.

रजियाभाभी दारात उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. पाच वेळा नमाज पढणारी बाई. खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नसेल. त्या बाहेर आल्या, फोन उचलला, पदर डोक्यावर घेतला आणि पुन्हा नंबर लावला.

“हॅलो. हां. मी सबा बोलते.”

युनूसभाईंनी तोंडावर हात ठेवला.

“जन्मतारीख?” पलीकडून विचारलं. भाभींनी सांगितली, न अडखळता, वारासकट. पलीकडची मुलगी म्हणाली, “धन्यवाद सबा मॅडम, आपल्याशी बोलून आनंद झाला.” भाभींनी फोन ठेवला आणि पदर सारखा केला. दारात आलेल्या सबानं खुणेनं विचारलं, काय झालं? भाभींनी हातानं सगळं सांगितलं: मी तू झाले. तू बोललीस. त्यांना आनंद झाला. सबा इतकी हसली की तिला चौकटीचा आधार घ्यावा लागला. तिच्या हसण्याला आवाज होता, खरखरीत आणि मोठा, आणि तो मी पहिल्यांदा ऐकत होतो.

तक्रार उघडली. धोटेसाहेबांना फोन केला.

“करा,” ते म्हणाले. “पण तासाच्या वर लाइन बंद नको. आणि लोकांनी विचारलं तर माझं नाव सांगू नका.”

“आणि मशीन?”

“मशीन सोमवारी येईल.”

सामना रविवारी होता. मी प्रकाशला गाठलं. प्रकाश दुसऱ्या कंपनीचा जोडणीवाला. आमच्या दोन कंपन्या एकमेकींच्या वायरी कापायला टपलेल्या, पण खांबावर भेटणारी माणसं अशी वैर धरू शकत नाहीत. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “शनिवारी दुपारी येतो. पन जोडाच्या वेळी खांब हालला तर मले काही जमनार नाही, सांगून ठेवतो.”

आणि शनिवारी दुपारी खांब हलणारच होता. भरलेल्या ट्रकांची रांग होती. प्रकाश शिडीखाली मशीन मांडून बसला, मी वर काच सावरून. पहिला जोड ट्रकच्या धक्क्यानं गेला. दुसराही गेला. प्रकाशनं शिवी हासडली. मी वरून ओरडलो, “युनूसभाई, काही तरी करा!”

युनूसभाई दुकानात गेले, एक लाल फडकं घेऊन आले आणि सरळ रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. पहिल्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. युनूसभाई हलले नाहीत.

“थांब ना बे! तुझा पाटा परवा कोनी बसवला?”

तो थांबला. त्याच्या मागचा थांबला. त्याच्या मागच्या सगळ्यांचे कमानपाटे कधी ना कधी युनूसभाईंनीच बसवलेले होते. ड्रायव्हर खाली उतरले, विड्या पेटवल्या, वर माझ्याकडं पाहत उभे राहिले. ठाकरेकाकू ओट्यावर येऊन म्हणाल्या, “माझं नेट गेलं! वामन, तू मुद्दाम करून राह्यला काय?” माझे दोन्ही हात गुंतलेले होते आणि तोंड उघडलं असतं तर वाईट निघालं असतं.

तिसरा जोड बसला. पेटी खांबावरून काढून युनूसभाईंच्या घराच्या भिंतीवर ठोकली, आत काचेला भरपूर ढील ठेवली. युनूसभाईंनी फडकं खाली केलं. पहिला भरलेला ट्रक ब्रेकरवरून धप्पकन उतरला. मी धावत खोलीत गेलो. सबा तळवे टेबलावर ठेवून काळ्या खिडकीकडं पाहत होती. दुसरा ट्रक गेला. तिसरा. मी टेबलाला हात लावला, थरथरत होतं. खिडकीत सगळी उत्तरं एकाखाली एक येत होती, एकही हरवलं नाही. सबा माझ्याकडं वळली नाही. तिनं खेळ उघडला आणि तिच्या मैत्रिणींना काहीतरी भराभरा लिहायला लागली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी मला ऑफिसचा मेसेज आला: ग्राहकाशी फोनवर संपर्क केला असता ग्राहक बोलले नाहीत. तक्रार बंद.

रविवारी मला सुट्टी. बायकोनं वालाच्या शेंगा निवडायला बसवलं. मी शेंगा कमी निवडत होतो आणि फोन जास्त पाहत होतो. मधेच उठून धोटेसाहेबांना फोन केला, की आज दुपारी ऑफिसातल्या मशीनला कुणी हात लावू नका. ते म्हणाले, “वामनराव, आज रविवार आहे. घरी कोणी नाही का तुमच्या?” मी फोन ठेवला. वीज गेली तर? कुठं रस्ता खोदताना कुणी मुख्य केबल तोडली तर? एका पोरीच्या खेळासाठी मी असा कासावीस होऊन बसलो होतो, आणि स्वतःवरच वैतागलो होतो. मी चाळीस तक्रारी एका दिवसात मिटवलेला माणूस.

तीन वाजता काही नाही. चार वाजले, काही नाही. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

मग मेसेज आला. “हरलो. लाइन चांगली होती. शेवटी मीच चुकले.”

मी तो दोनदा वाचला. इतक्या वर्षांत मला लोकांनी परीक्षेचा निकाल, मोडलेलं लग्न, बंद पडलेली मालिका, सगळ्याचा दोष लाइनीला देऊन ऐकवलं होतं. हे वाक्य कुणी लिहून पाठवलं नव्हतं. मी शेंगांची परात बाजूला सारली आणि फोन बायकोपुढं धरला.

तिनं वाचलं, चष्मा वर केला आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं.

“पोरगी हरली म्हनते न,” ती म्हणाली, “मंग तुम्ही हासून काहून राह्यले?”